अल्झायमरला घराण्याचा शाप समजू नका

महोदय,

मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. महालात आमच्या वस्तीत एखाद्या घरी अल्झायमरचं निदान झालं की मुलं, सुना मला विचारायला येतात, ‘आता आम्हालाही होणार का?’ बहुतेकांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेलं असतं: रक्तातच आहे, इलाज नाही. या हताशपणाची मला फार काळजी वाटते.

एकाच बिघडलेल्या जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या येणारा अल्झायमर अगदी दुर्मीळ आहे आणि तो बहुधा साठीच्या आतच दिसतो. उतारवयातल्या आजारात 19व्या गुणसूत्रावरच्या एपीओई जनुकाचा ई-4 प्रकार धोका नक्की वाढवतो. पण तो असूनही कित्येकांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते. एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार होतो आणि दुसऱ्याला होत नाही, किंवा फार उशिरा होतो.

जनुक शरीरात असलं तरी पेशी ते किती वाचते, म्हणजे त्याचा किती वापर करते, हे डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल गटांवर (छोट्या रासायनिक खुणांवर) आणि डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर अवलंबून असतं. वय, आजार, धूम्रपान यांनी या खुणा बदलतात. 2014 मध्ये दोन संशोधक गटांना मृत रुग्णांच्या मेंदूत एएनके-1 जनुकापाशी असे बदल आढळले. ते आजाराचं कारण की परिणाम, हे अजून ठरलेलं नाही. म्हणूनच ‘जनुकं सुधारणारी’ चूर्णं आणि गोळ्या विकणाऱ्यांना कृपया दारातूनच परत पाठवा.

हाती आहे ते करू या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाला (अल्झायमर हा त्याचाच सर्वाधिक आढळणारा प्रकार) हातभार लावणारी, टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर जवळपास 45 टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत रक्तदाब, मधुमेह, प्रदूषित हवा आहे (कोराडी, खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांजवळ राहणाऱ्यांनी याची दखल घ्यावी) आणि कमी ऐकू येणंही आहे. आजोबांना ऐकू येईनासं झालं की घरातले त्यांच्याशी बोलणंच सोडतात आणि वयाचं कारण देऊन मोकळे होतात. कान मात्र कुणी तपासत नाही.

महापालिकेने आपल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साठीपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगरसोबत श्रवणतपासणी सुरू करावी आणि गरजूंना श्रवणयंत्र मिळवून द्यावं. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर