‘सरकारी’ म्हणजे सरकारने घडवलेला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील महिला फुटबॉलवरच्या लेखात जर्मनीतील पोट्सडामच्या ‘टुर्बिने’ या संघाला ‘पूर्व जर्मनीच्या सरकारी क्रीडायंत्रणेचे अपत्य’ म्हटले आहे. लेख एरवी वाचनीय आहे. पण या एका वाक्याने त्या संघाचा इतिहास नेमका उलटा होतो, म्हणून हे पत्र.

मालकीपुरते बोलायचे तर संघ सरकारीच होता, यात वाद नाही. पूर्व जर्मनीत उद्योग ‘लोकमालकीचे’, म्हणजे व्यवहारात शासनाचे असत आणि त्यांच्या आश्रयाने कामगारांची क्रीडामंडळे चालत. मंडळाचे नाव धंद्यावरून पडे. रेल्वेचे ते लोकोमोटिव्ह, रसायन उद्योगाचे केमी, पोलादाचे श्टाल, शेतीचे ट्राक्टोर. वीजपुरवठ्याच्या वाट्याला टुर्बिने, म्हणजे टर्बाइन, आले. या नावात कोणाची कल्पकता शोधू नये, ते खात्याचे लेबल होते. पोट्सडामच्या वीजपुरवठा संस्थेत १९७०-७१च्या नववर्षाच्या सुमारास सूचनाफलकावर एक कागद लागला : महिलांचा फुटबॉल संघ काढत आहोत, इच्छुकांनी नावे द्यावीत, अशा अर्थाचा. ३ मार्च १९७१ रोजी संघ उभा राहिला आणि संस्थेतच नोकरीला असलेले बर्न्ड श्रोडर प्रशिक्षक झाले. मधली काही वर्षे वगळता ते २०१६पर्यंत त्या जागेवर होते. ज्याला लेखात यंत्रणा म्हटले आहे, तिचा आरंभ हा एवढाच : एक कागद आणि नोकरी सांभाळून मैदानावर येणारा एक माणूस.

खरी यंत्रणा कशी असे, हे त्याच देशाच्या जलतरणात, ॲथलेटिक्समध्ये, नौकानयनात पाहावे. १९६९ साली सत्ताधारी पक्षाच्या श्रेष्ठींनी ठरवले की पैसा, प्रशिक्षक, क्रीडाशाळा आणि वैद्यकीय सेवा प्रामुख्याने ऑलिंपिक पदके देणाऱ्या खेळांकडे वळवायच्या. महिला फुटबॉल तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हता. तो आला १९९६ साली, अटलांटात, आणि तोवर पूर्व जर्मनी नकाशावर उरलाच नव्हता. त्यामुळे फुटबॉल खेळणाऱ्या बायकांची नोंद विरंगुळ्याच्या, तब्येतीसाठी करायच्या खेळांत झाली. बंदी नाही, पण प्रोत्साहनही नाही. पश्चिमेकडे मात्र जर्मन फुटबॉल महासंघाने १९५५ ते १९७० अशी सरळ बंदीच घातली होती, तेव्हा पूर्वेकडचे हे दुर्लक्ष एका अर्थी पथ्यावरच पडले म्हणायचे. ड्रेस्डेनमध्ये १९६८ साली एका बल्गेरियन विद्यार्थ्याच्या पुढाकाराने महिला संघ निघाला, तो अशा मोकळ्या राहिलेल्या फटीतूनच.

या दुर्लक्षाची किंमत किती बारीकसारीक होती, ते एका शब्दावरून कळते. १९७९पासून महिलांची देशपातळीवरील स्पर्धा सुरू झाली, पण तिला ‘अजिंक्यपद’ म्हणायचे नाही, असे ठरले. तिचे अधिकृत नाव ‘बेस्टनएरमिटलुंग’, म्हणजे ‘सर्वोत्तमांची निवड’. कार्यालयातल्या फायलीवर शोभेल असे हे नाव. टुर्बिनेने ही स्पर्धा १९८१, १९८२, १९८३, १९८५, १९८६ आणि १९८९ अशी सहा वेळा जिंकली. तरी सरकारी शब्दकोशाप्रमाणे त्या खेळाडू अजिंक्य ठरल्या नाहीत. (पश्चिम जर्मनीला हसण्याचे कारण नाही. १९८९ साली तिथल्या महिलांनी युरोपीय विजेतेपद मिळवले, तेव्हा महासंघाने त्यांना बक्षीस म्हणून चिनीमातीचा कॉफीचा सेट दिला होता.)

राष्ट्रीय संघाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पूर्व जर्मनीच्या महिला संघाने आपल्या देशाच्या संपूर्ण आयुष्यात एकच अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला : ९ मे १९९० रोजी, पोट्सडामच्याच बाबेल्सबर्ग भागातील कार्ल लिब्कनेश्ट स्टेडियमवर, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध. प्रशिक्षक श्रोडरच होते. संघ ०-३ असा हरला. बर्लिनची भिंत आधीच पडली होती आणि पाच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, तो देशच संपला. ज्या शासनाने हा संघ ‘घडवला’ असे आपला लेख म्हणतो, त्याला राष्ट्रीय संघ मैदानावर उतरवायला चाळीस वर्षे लागली आणि तोही जाता जाता.

आता उरतो तो लेखकाचा खरा प्रश्न : मग पुढचे यश आले कुठून? सरकारी आश्रय गेल्यावर पूर्वेकडचे कितीतरी संघ बुडाले. टुर्बिने तगले, कारण मोडून पडावे असे राजाश्रयाचे छत्र त्यांच्या डोक्यावर कधी नव्हतेच, असे मला वाटते. १९९४मध्ये ते बुंडेसलिगात, म्हणजे एकीकृत जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये आले, १९९९मध्ये मूळ मंडळापासून वेगळे होऊन स्वतंत्र महिला क्लब झाले. पोट्सडामच्या क्रीडाशाळेतून क्लबला मुली मिळू लागल्या, त्याही एकीकरणानंतर; जुन्या राजवटीत अशा शाळांची दारे पदकांच्या खेळांसाठी होती. २००४ साली त्यांनी फ्रँकफुर्टला त्यांच्याच मैदानावर ७-२ असे हरवले आणि लीग जिंकली. पुढे २००६ आणि मग २००९ ते २०१२ सलग चार वर्षे लीग त्यांचीच होती. २००५ साली युरोपीय करंडक आला. २०१०च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ल्यों या फ्रेंच क्लबविरुद्ध गोल झालाच नाही. पेनल्टींमध्ये सतरा वर्षांच्या गोलरक्षक आना फेलिसितास जारहोल्झने दोन फटके अडवले, एक स्वतः मारून गोल केला आणि पोट्सडाम ७-६ असे जिंकले.

अलीकडची घसरणही लेखात ‘सरकारी आधार गेल्याचा परिणाम’ म्हणून आली आहे. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आधाराचा परिणाम २०२३ साली कसा दिसेल? त्या वर्षी संघ बुंडेसलिगातून खाली गेला, कारण बायर्न म्युनिक, वोल्फ्सबुर्ग अशा पुरुष संघांच्या श्रीमंत क्लबांनी महिला विभागात पैसा ओतला आणि केवळ महिलांच्या क्लबला ती शर्यत परवडेना. २०२४मध्ये ते वर आले, २०२५मध्ये पुन्हा उतरले.

एक दुरुस्ती मात्र छापावी, ही विनंती. ‘बारा बुंडेसलिगा विजेतेपदे’ हा लेखातील आकडा चुकीचा आहे. बुंडेसलिगाची विजेतेपदे सहा आहेत. उरलेली सहा त्या ‘सर्वोत्तमांच्या निवडी’ची. ती आकड्यात जरूर धरावीत, फक्त त्यांच्या स्वतःच्या नावाने.

आपली,
एक नियमित वाचक