साडेअकरा सेंटीमीटरचं कडं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबरात राष्ट्रीय पोषण महिना आला की शाळांमध्ये घोषवाक्यं आणि चित्रांच्या स्पर्धा सुरू होतात. नववीला इतिहास-भूगोल शिकवताना मीही बरीच वर्षं ‘जगातील कुपोषण’ म्हणून आफ्रिकेतल्या मुलांचे फोटो चार्ट पेपरवर चिकटवून घेतले. एकदा तास संपल्यावर वसतिगृहात राहणारी, सुरगाण्याकडची एक मुलगी म्हणाली, “बाई, माझ्या भावाचा दंडही लाल पट्टीत आला होता. त्याचा फोटो चालेल का?” मला काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून फोटो बंद केले. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर ज्या पट्टीने मोजतात, तशा कागदी पट्ट्या आता मुलं स्वतः करतात. साडेअकरा सेंटीमीटरपर्यंत लाल म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत पिवळी म्हणजे मध्यम, पुढे हिरवी. लाल खूण संपते तिथे चिकटवून कडं करायचं आणि त्यात घरातलं काय मावतं ते पाहून यायचं. एकाने सांगितलं, आमचं लाटणं जेमतेम जातं. दुसरा म्हणाला, माझं मनगटसुद्धा जात नाही.

मग आकडे. वर्गात पन्नास मुलं. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगातल्या पाच वर्षांखालील 14 कोटी 81 लाख मुलांची, म्हणजे सुमारे 22 टक्के मुलांची, उंची वयाच्या मानाने कमी होती. त्या प्रमाणात अकरा जण उभे राहिले. भारताचं प्रमाण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 35.5 टक्के, म्हणून अठरा उठले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांसाठी जगाच्या हिशेबाने तिघे उभे राहिले, महाराष्ट्राच्या 25.6 टक्क्यांना तेरा. मुलांना वाटलं, बाईंचं गणित चुकलं.

“आपली माणसं मुळातच बुटकी” हे वाक्य दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. त्यावर मी वाढीच्या आलेखाची गोष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतली बाळं मोजली. स्तनपान, पुरेसा आहार, स्वच्छता मिळाली तेव्हा सगळीकडची बाळं जवळपास सारखीच वाढली. नकाशावर ही सहा ठिकाणं दाखवून मुलं एका बाळाकडून दुसऱ्याला पत्रं लिहितात. यंदा ओस्लोच्या बाळाने दिंडोरीच्या द्राक्षबागेत आईसोबत आलेल्या बाळाला विचारलं, “तुझ्या गावची अंगणवाडी तुझ्याबरोबर आली का?” पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडला दर हंगामात मजुरीसाठी होणारं स्थलांतर त्या एका ओळीत आलं. तेवढं मला तासभर बोलूनही सांगता आलं नसतं.

शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अशा कामाला द्या. जवळच्या अंगणवाडीताईंना वर्गात बोलवा, त्यांच्याइतकं हे कोणालाच ठाऊक नसतं. मुलांना अंगणवाडीत नेलंत तर कोणत्याही बाळाचा फोटो मात्र काढू देऊ नका. आणि आपल्या दैनिकाने विद्यार्थ्यांच्या पुरवणीत बक्षीसपात्र चित्रांच्या जोडीला अशी दोन-तीन पत्रं छापावीत. आमच्या वर्गाची पाठवायला मी तयार आहे.

आपली,
एक इतिहास-भूगोल शिक्षिका, नाशिक