औषधांनंतरचे बोलणे

शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य मिळून आरोग्य होते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची १९४८पासूनची व्याख्या आहे. त्यातली सामाजिक बाजू आपण सोडूनच देतो. पावले मोजतो, साखर तपासतो. पण माणसाला माणूस हवा असतो, त्याची नोंद कुठेच नाही. म्हातारे वडील फोनवर आधी औषधांचे बोलतात, मग हवापाण्याचे, आणि ‘बरं, ठेवतो’ म्हणूनही फोन ठेवत नाहीत. खरे बोलायचे असते ते त्यानंतरच, आणि नेमके तेव्हाच आपण घाईत असतो. ब्रिटनने २०१८मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला, ते मला अजिबात अनाठायी वाटत नाही. डॉक्टरांनीही रक्तदाब मोजताना ‘काल कोणाशी निवांत बोललात?’ एवढे जरूर विचारावे.

– एक वाचक