यंदाची कानबाई आणि बट्टीची पंगत

प्रिय भो,

कसा शेस? वहिनी, पोरं, सगळे मजेत ना? फोनवर आपलं बोलणं होतंच, पण तू तिकडे सुरतला मशीनच्या आवाजात असतोस आणि मी शेतात नाहीतर गाडीवर, मंग "ठेव, रात्री करतो" म्हणायचं आणि रात्री दोघंही झोपलेले. म्हणून म्हटलं यंदा आपल्या खान्देशच्या देवीचं, कानबाईच्या सणाचं बसून लिहूनच पाठवतो. लांब होईल, सुट्टीच्या दिवशी आरामात वाच.

पहिले माझ्या वडिलांचं, नानांचं. नाना आता काठी धरून ओट्यापर्यंत येतात, डाव्या हातात अजून जोर नाही पण वाटी धरता येते, बोलणं बरंचसं कळतं. संक्रांतीनंतर त्या रात्री लकवा मारला तेव्हा काय अवस्था होती तू स्वतः पाहिलीय. गिरणीवाल्या चाचांनी झोपेतून उठून छोटा हत्ती टेम्पो काढला, मागे गादी टाकली आणि धुळ्यापर्यंत न थांबता आणलं, डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर हातच लावला नाही. आणि तू सकाळी उजाडायच्या आत तिथं हजर, उधन्याहून उभ्यानं आलेला, डोळे लाल. फाईल घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत तूच पळत होतास, मला तर कोणता कागद कुठं द्यायचा तेही सुचत नव्हतं. रात्री कॉरिडॉरमध्ये तू मला बळजबरी दोन पोळ्या खाऊ घातल्या आणि माझ्या आईला म्हणालास की माय तू झोप, मी जागा आहे. आई अजून ते सांगते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. तुझ्यासमोर हे बोलायला गेलो असतो तर तू विषय बदलला असता, म्हणून इथं लिहितोय, इथं तुला बदलता येणार नाही.

त्याच दिवसांत आईनं सप्तशृंगीला नवस बोलला होता, की माणूस उठून बसला तर चैत्रात पायी येईन. आम्ही सगळे नको म्हणत होतो, वय काय, ऊन काय, चैत्रातलं आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे, डांबर चिकटतं चपलेला. पण ती गेलीच, गावातल्या दिंडीबरोबर, धुळे मालेगाव करत गडापर्यंत. मी दोन मुक्काम सोबत होतो, मंग नानांसाठी मागे फिरलो. भो, त्या रस्त्यावर मी जे पाहिलं ते मला विसरताच येत नाही. कोण कुठला माणूस रस्त्याच्या कडेला मांडव टाकून बसलेला, कोणी सरबत देतंय, कोणी टरबूज कापून देतंय, एक म्हातारे बाबा तर येणाऱ्या बायांच्या पायांना तेल लावून देत होते, माझ्या आईच्या पण पायाला लावलं. आईला संकोच वाटला, ती म्हणाली बाबा राहू द्या, तर ते म्हणाले मला गडावर चढवत नाही माय, तुमच्या पायांनी माझं पोहोचतं. देव आहे का नाही यावर आपण कॉलेजात किती वाद घातले, अमळनेरला स्टेशनवर गाडीची वाट पाहत तासन्‌तास. मी आता वाद घालत नाही. मला देव असाच दिसतो, असाच कळतो, आणि मी हात जोडतो.

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली तेव्हा नानांनी हट्ट धरला की रथ पाहायचाच. दरवर्षी रथाला हात लावणारा माणूस, यंदा खुर्चीवर बसवून नेला. लोकांनी वाट करून दिली, कोणीतरी खुर्चीसकट उचललं आणि रथापर्यंत नेलं, नानांनी उजवा हात टेकवला. रडले. मी पण.

आता कानबाई. नागपंचमीनंतरचा रविवार, आपल्याकडे बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे भाऊबंद एका घरात. यंदा मान आमच्याकडे होता. तुला आठवत असेल, कानबाईच्या प्रसादासाठी, रोटासाठी गहू मोजायचा तो घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. शुक्रवारी मोठी काकू परात घेऊन बसली आणि एकेक नाव घ्यायला लागली, जे पुण्याला आहेत त्यांचं, जो फौजेत आहे त्याचं, आणि मंग तिनं थोरल्या चुलत्यांच्या घरातली नावं घेतली, एकही सोडलं नाही. बांधावरून त्यांचं आणि आमचं बोलणं बंद आहे, कोर्टात तारखा चालू आहेत, हे तुला माहीतच आहे. कोणीतरी हळूच म्हटलं की ते येणार नाहीत तर कशाला. काकूनं वर पण पाहिलं नाही, म्हणाली "बठ्ठासना नावनी मूठ पडाले जोयजे." आणि मूठ टाकली. माझी धाकटी पोरगी शेजारी बसलेली, तिनं विचारलं मोठी आई माझी मूठ कुठंय, तर काकू एक क्षण थांबली आणि तिच्या नावानं पण टाकली. आपल्या वाडवडलांनी असं केलं नव्हतं, पण मला ते फार आवडलं, आणि कानबाईला पण आवडलं असेल, ती तर बाईच आहे.

गहू दळायला चाचांच्याच गिरणीत. त्यांनी नेहमीसारखी आदल्या रात्री गिरणी झाडून पुसून ठेवली होती, सकाळी कानबाईचेच डबे, दुसरं दळण नाही. मला आठवतंय तेव्हापासून ते असंच करतात, त्यांचे वडील पण करायचे.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली, नारळाला नथ, डोळे, गळ्यात पोत, चौरंगाला केळीचे खांब, कण्हेरीची फुलं, कणकेचे दिवे. पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. आरती सुरू होणार तेवढ्यात थोरले चुलते आले. काकूनं त्यांच्या सुनेला सांगून ठेवलं होतं म्हणे की तुमची मूठ टाकलीय, ती आता परत काढता येत नाही. ते आले, नानांच्या बाजूला बसले, नानांचा डावा हात मांडीवर घेतला आणि आरती संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. बांधाचा विषय कोणी काढला नाही. केस अजून आहेच, पुढची तारीख पण आहे, सगळं एका रात्रीत सुटलं असं मी म्हणत नाही. पण दोघे भाऊ एका ताटातला रोट जेवले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याबद्दल मी कानबाईचे पाय धरतो. रात्रभर बायांची गाणी आणि फुगड्या, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर. यंदा नदीला पाणी बरं होतं.

आता मला जे खरं तुला सांगायचंय ते. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, ही रीत आहे, बाहेर द्यायचा नाही, उरला तर आपणच पौर्णिमेच्या आत संपवायचा. मी ताटावर बसलो आणि मला घास जाईना. कारण या वर्षात ज्यांनी आम्हाला धरून ठेवलं त्यातले निम्मे त्या पंगतीत बसूच शकत नव्हते. चाचा नाहीत. तू नाहीस, तू तुझ्या भाऊबंदांबरोबर तिकडे लिंबायतला रोट खात असशील. आणि वर्षाच्या बोलीवर आपल्या शेतात राबणारा सालदार दादा नाही. त्याचं साल आखाजीला, अक्षय तृतीयेला संपलं होतं, दुसऱ्या गावाहून जास्त पैशाचं बोलावणं आलेलं, त्याची बायको पण म्हणत होती जाऊ, पण तो म्हणाला नाना उभे राहत नाहीत तोवर मी हलत नाही, पेरणी कोण करेल. कापूस त्यानंच लावला, खत त्यानं दिलं, निंदणीला बाया त्यानं आणल्या, मी तर अर्धा वेळ दवाखान्याच्या चकरांमध्ये. घरी बसून देवीचा प्रसाद आम्ही खायचा आणि तो गोठ्यात बैलांना चारा टाकतोय, हे मला बघवेना.

मी काकूला हे सांगितलं. रीत मोडायला मी सांगत नव्हतो, रीतीवर माझा राग पण नाही, जो रोट सगळ्या भाऊबंदांना वर्षातून एकदा एका छताखाली आणतो तो मोलाचा आहे, त्याच्याशिवाय थोरले चुलते आले नसते. काकू म्हणाली मंग रोट भावकीचा राहू दे, बट्टी गावाची कर.

आणि आम्ही केली भो. शनिवारी मारुतीच्या पारावर. गहू जाडसर दळून आणला, त्यात थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन, गोळे वाफवून कापून तळले, तुरीचं वरण, वांग्याची घोटलेली भाजी मोठ्या कढईत, वरून तूप. चुलीवर गावातली पोरं, पाणी वाढायला थोरल्या चुलत्यांचे नातू. कोणाला आमंत्रण वेगळं दिलं नाही, ग्रुपवर एकच मेसेज टाकला की नाना बरे झाले, सगळ्यांनी जेवायला या. भिलाटीतून लोक आले, मोहल्ल्यातून आले, बौद्धवाड्यातून आले, तिकडच्या मंडळींनी तर स्वतःच्या घरून ताक आणलं. सालदार दादा वाढायला उभा राहत होता, त्याला नानांनी हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, नानांचा आवाज अजून नीट फुटत नाही पण "बस" एवढं स्पष्ट म्हणाले. चाचा दुसऱ्या बाजूला. मी तिघांना वाढलं.

त्या पंगतीत मला साने गुरुजी आठवत होते. आपल्या अमळनेरात प्रताप हायस्कूलला शिकवायचे, त्यांच्या नावानं आपण शाळेत गोष्टी ऐकल्या, पण मोठं झाल्यावर मला त्यांचं एकच काम सगळ्यात मोठं वाटतं, १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून ते प्राणांतिक उपोषणाला बसले आणि देऊळ उघडलं. नाना माळकरी, पंढरीला कितीदा गेलेले, ते नेहमी म्हणायचे की ज्या दारातून कोणाला हाकललं त्या दारात माझा विठ्ठल कसा राहील. आपल्या गावात पण अजून सगळं चांगलं आहे असं नाही, पाणी भरायच्या जागेवरून काय काय होतं तुला माहीत आहे. एक पंगत झाली म्हणून ते मिटत नाही. पण आता दरवर्षी कानबाईनंतरच्या शनिवारी बट्टी करायची हे ठरलंय, पुढच्या वर्षीचा गहू थोरल्या चुलत्यांकडून, वांगी माळ्यांच्या मळ्यातून, तूप आमचं. तेल तुझ्याकडून, हे मी परस्पर सांगून टाकलंय.

तुझ्या आईचा ओटा मी सारवून घेतला, कौलं दोन ठिकाणी गळत होती ती बदलली. त्याचा हिशोब विचारू नको, धुळ्यात तू काय काय भरलंस त्याचा मला कुठं सांगितलास? घराची चावी काकूकडे आहे.

दिवाळीला या, सगळेच या, ताप्ती लाईनला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते म्हणून रिझर्वेशन आताच बघ. पोरांना थंडीत भरीत खाऊ घालू, बामणोदची वांगी कोणाकडून तरी मागवतो, शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजू, कळण्याची भाकरी आई करेल. नाना रोज विचारतात तो सुरतचा कधी येतो. तारीख कळव म्हणजे स्टेशनवर गाडी घेऊन येतो, आणि वहिनीला सांग की आईनं तिच्यासाठी बिबड्या आणि कुरडया वेगळ्या काढून ठेवल्यात, या वेळी पिशवी मोठी आणा.

तुझाच,
गावाकडचा मित्र