पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानवाल्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

परवा रात्री सव्वादोनला गावात थ्री फेज आली, विहिरीवरची मोटर आपली आपण सुरू झाली आणि अण्णा झोपून राहिले. सकाळी फोनवर म्हणाले, "मेसेज आला होता, पण मला जागच आली नाही." तेव्हा पहिली आठवण तुमची झाली. समोर आभार मानायला लागलो की तुम्ही हातानेच "जा रे" करता, म्हणून हे जाहीर पत्र.

मी कंपनीत पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. शेतीची वीज पाळीपाळीने रात्रीची येते आणि 68 वर्षांचे अण्णा बॅटरी घेऊन बांधावरून मोटर लावायला जायचे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या पावलापुढून साप गेला. वीज आली की मोटर आपोआप लागावी आणि अण्णांना मेसेज जावा, म्हणून त्याच आठवड्यात मी अर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि सिम कार्ड घालून मेसेज पाठवणारं सिम 800 एल मॉड्यूल घेऊन बसलो. पुण्यात टेबलावर महिनाभर सगळं सुरळीत चाललं. गावी नेलं की बंद. नेटवर्क मिळाल्यावर मॉड्यूलचा दिवा तीन-तीन सेकंदांनी लुकलुकायला हवा. तिथे सेकंदाला एक अशी उघडझाप व्हायची, नेटवर्क मिळतंय असं वाटेपर्यंत दिवा विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवडे मी कोडच बदलत होतो.

तुमच्या दुकानात मी नवं मॉड्यूल मागायला आलो होतो. तुम्ही ते विकून मोकळे होऊ शकला असता. त्याऐवजी विचारलंत, "व्होल्टेज बघितलंस?" मीटर लावला, 4.1. बरोबर होतं. तुमचा पुढचा प्रश्न मी विसरणार नाही: "गावात रेंज किती?" एक काडी, म्हणालो. तुम्ही फळीवरचा फरसाणचा पत्र्याचा डबा रिकामा केलात, मॉड्यूल आत ठेवलंत, फटीतून वायर बाहेर काढून झाकण लावलंत आणि सीआरओची, म्हणजे व्होल्टेजची क्षणाक्षणाची रेषा पडद्यावर काढणाऱ्या यंत्राची, पिन धरलीत. डब्यात रेंज घटली आणि दिवा गावासारखा वागू लागला. पडद्यावर सरळ रेषेत खड्डे दिसत होते, 3 व्होल्टच्याही खाली जाणारे. "बघ, पाणी इथे मुरतंय."

हे मॉड्यूल दर 4.6 मिलिसेकंदांत जेमतेम 0.6 मिलिसेकंद बोलतं, पण रेंज कमी असेल तर तेवढ्यात 2 अँपिअरपर्यंत ओढतं. मीटर सरासरी दाखवतो, त्याला ही बुडी दिसत नाही. दोष माझ्या वीतभर लांब, केसासारख्या जंपर वायरचा होता. तुम्ही चार बोटं लांबीची जाड वायर दिलीत, मॉड्यूलच्या पायांशी, बुडीच्या क्षणी साठवलेली वीज देणारा, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला सांगितलंत आणि सोल्डरिंग मलाच करायला लावलंत. "आधी पाय तापव, सोल्डर आपोआप धावेल." तिसरा जोड चकचकीत आला तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. पैसे घेतलेत फक्त कपॅसिटरचे.

निघताना एक गोष्ट बजावलीत. वीज आली की सगळ्यांचे ऑटो, म्हणजे मोटर आपोआप लावणारे स्विच, एकदम उठतात, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते आणि डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, जळतो. मग आठवडाभर शिवारालाच पाणी नाही. म्हणून आता आमचा बोर्ड वीज आल्यावर तीन ते दहा मिनिटं थांबतो, आणि दर वेळी किती थांबायचं ते नव्याने ठरवतो. तो कोड चारच ओळींचा आहे. मी आजवर लिहिलेल्यांत तो मला सर्वांत जवळचा वाटतो.

ऑफिसात गेल्या आठवड्यात काही गिऱ्हाइकांचं पेमेंट अडकत होतं, आमच्याकडे मात्र सगळं ठीक. मी कोडला हात न लावता आधी माझंच नेटवर्क मुद्दाम खराब केलं. तासाभरात चूक सापडली. तिथे बसलेल्या पोरांना डब्याची गोष्ट सांगितली.

अण्णांना तुम्हाला विहिरीवरचा बोर्ड दाखवायचा आहे. ज्वारी हुरड्याला आली की मी गाडी घेऊन दुकानाशी येतो. काकूंनाही सांगून ठेवा, मुक्कामाच्या तयारीनेच या.

तुमचा,
डबेवाला प्रोग्रॅमर म्हणून तुम्ही ज्याला ओळखता तो