नोटीस निघते, पण फाईल सांभाळायला माणूस कुठेय?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कुठे अनधिकृत बिल्डिंग पडली की सगळे एकच विचारतात, महापालिका झोपली होती का. माझं म्हणणं असं आहे की बऱ्याचदा नोटीस काढलेली असते, फाईलही असते, पण त्या फाईलवर कायमचा माणूसच नसतो आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

कायदा कमी आहे असं अजिबात नाही. महानगरपालिका अधिनियमात अनधिकृत बांधकामाला नोटीस द्यायला कलम 260 आहे. एमआरटीपी 1966 मध्ये, म्हणजे नगररचनेच्या कायद्यात, काम थांबवायला कलम 54, पाडायला 53, आणि 52 खाली तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता हे सगळं वापरणार कोण? आमच्या शहरात प्रभागाचा सहायक आयुक्त "प्रभारी" असतो, म्हणजे मूळ पद लिपिक किंवा अधीक्षक आणि वरचा चार्ज दिलेला. त्याच्या हाताखाली एक कनिष्ठ अभियंता, त्याच्याकडे शेजारचाही प्रभाग, त्यात इलेक्शन आलं की त्याची ड्युटी तिकडे. बीट मुकादम, म्हणजे भागात फिरून बांधकामांवर नजर ठेवणारा, ठेक्यावरचा, त्याचा पगार वेळेवर होत नाही आणि त्याने म्हणे बिल्डरच्या माणसांसमोर उभं राहून पंचनामा करायचा. भरती का करत नाही विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, 35 टक्क्यांच्या मर्यादेवर गेलाय, आकृतीबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, मंत्रालयात अडकलाय.

आमच्या गल्लीतच एका बिल्डिंगवर परवानगी नसताना दोन मजले चढले. तक्रार केल्यावर नोटीस आली, शटरला चिकटवली, जावक क्रमांक सगळं व्यवस्थित. नंतर पथक आलं, स्लॅबला तीन-चार भोकं पाडली, फोटो काढले आणि "कारवाई पूर्ण" असा शेरा मारून गेलं, महिन्याभरात भोकं बुजवून वर टाइल्स बसल्या आणि भाडेकरूही राहायला आले. परत गेलो तर साहेबांची बदली झालेली, नवीन साहेब म्हणाले मला ही फाईल चार्जमध्ये मिळालीच नाही. मग कळलं की समोरच्याने कोर्टातून स्टे आणलाय, कारण पालिकेने कॅव्हेटच, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय स्टे देऊ नका असा कोर्टातला अर्ज, दाखल केलं नव्हतं. मला त्या एका साहेबाला दोष द्यायचा नाही, पण बदली झाली की फाईल अनाथ होते हे कसं चालेल?

याची किंमत लोक जिवाने मोजतात हो. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बिल्डिंग पडली, 74 माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं होती, वरचं काम चालूच होतं आणि खाली लोक राहत होते, पुढे पालिकेच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला 17 जण गेले, तीही बिल्डिंग अनधिकृतच. घाटकोपरला 13 मे 2024 ला होर्डिंग पडून 17 गेले, तिथे परवानगी असते 40 बाय 40 फुटांची आणि उभं होतं 120 बाय 120 चं, ते काही एका रात्रीत उभं राहत नाही, रोज त्या रस्त्याने सगळे जात होते. दरवेळी नंतर निलंबन होतं, चौकशी समिती बसते, आणि रिकामं पद पुन्हा "अतिरिक्त कार्यभार" म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात.

पैसे नाहीत हे मला पूर्ण पटत नाही. सुशोभीकरणाला, लाइटिंगला निधी निघतो तर प्रत्येक प्रभागाला एक कायम अभियंता आणि कोर्टाची कामं बघणारा एक माणूस देता येत नाही का? आणि ज्याला काही खर्च नाही तेवढं तरी करा. प्रत्येक नोटीस वेबसाइटवर टाका, तारीख, पुढे काय झालं, जबाबदार अधिकारी कोण, आणि बदली झाली तर चालू नोटिसांच्या यादीवर जुन्या-नव्या दोघांच्या सह्या घ्या. घर घेणाऱ्या गरीब माणसालाही आधीच कळेल की ही बिल्डिंग यादीत आहे, नाहीतर तो बिचारा आयुष्याची कमाई घालून बसतो आणि शेवटी बुलडोझर त्याच्याच दारात येतो, बिल्डर मोकळा.

इतकी वर्षं प्रशासकराज होतं, विचारायला कोणी नव्हतं. आता जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर नगरसेवक आलेत, तर त्यातल्या एकाने तरी पुढच्या महासभेत लेखी विचारावं की माझ्या प्रभागात 260 च्या किती नोटिसा पडून आहेत आणि आज त्या कोणाच्या टेबलावर आहेत.

– आपला एक नियमित वाचक