‘रेड’ लावून देताना बिलावर एक ओळ लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीड वर्षापूर्वी मुलासाठी गेमिंगचा संगणक जोडून घेतला, तेव्हा दुकानदाराने १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क ‘रेड-०’ पद्धतीने, म्हणजे दोन्ही मिळून एकच डिस्क असल्यासारख्या, बसवून दिल्या आणि वेग दुप्पट होईल, एवढेच सांगितले. गेल्या महिन्यात त्यांपैकी एक डिस्क टकटक आवाज करू लागली आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही. दुसरी डिस्क धडधाकट आहे, पण या रचनेत फाइलींचे तुकडे आळीपाळीने दोन्ही डिस्कवर लिहिले जात असल्याने तिच्यातून एक फोटोही धड उघडत नाही. गेम पुन्हा डाउनलोड करता आले. आईच्या एकसष्टीचे फोटो मात्र गेले. त्यांची दुसरी प्रत ठेवली नाही, ही चूक माझीच.

१९८८ साली अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ची (RAID) कल्पना मांडली, ती स्वस्त डिस्क एकत्र जोडून मोठ्या, महागड्या डिस्कचे काम करून घेण्यासाठी. डिस्क वाढल्या की बिघाडही वाढणार, म्हणून गेलेली माहिती परत मिळवता येईल अशी जास्तीची नोंद ठेवायची, हा तिचा गाभा. नावातला ‘आर’ त्या ‘रिडंडंट’चाच, म्हणजे ‘जास्तीचा’. त्यांच्या निबंधात एक ते पाच असे प्रकार होते, शून्य नव्हताच. ‘रेड-०’मध्ये जास्तीची नोंद कुठेच नसते आणि दोहोंपैकी कोणतीही डिस्क गेली तरी सगळेच जाते.

वेगाचे म्हणाल, तर सलग मोठी फाइल वाचताना फरक पडतो. पण गेम असंख्य लहान तुकडे इकडून तिकडून उचलतो आणि डिस्कच्या हेडला (माहिती वाचणाऱ्या भागाला) योग्य जागी पोहोचायला लागणारा वेळ दोन डिस्क जोडल्याने घटत नाही. त्यापेक्षा एकच साधा साटा (नेहमीच्या केबलने जोडायचा) एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारा ड्राइव्ह, बरा. तो सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचतो आणि त्यात फिरणारे काहीच नसते. ‘रेड-१’मध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती राहते हे खरे, परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच वेळी पुसली जाते, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवरील वेगळ्या प्रतीची जागा ही पद्धत घेऊ शकत नाही.

माझ्या बिलावर ‘हार्ड डिस्क २ नग, रेड सेटिंग मोफत’ असे लिहिले आहे. त्याखाली ‘एक डिस्क बिघडल्यास दोन्हींवरील माहिती जाईल’ एवढी ओळ छापून दुकानदारांनी ग्राहकाची सही घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर